पाणी थंड होईपर्यंत

एप्रिल लागला की माझ्या फ्रिजमध्ये भाजीला जागा उरत नाही. खालचा सगळा कप्पा फिल्मच्या रोलांनी भरलेला असतो आणि कोथिंबीर बिचारी दारातल्या बाटल्यांमध्ये अंग चोरून उभी असते. दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या माझ्या शेजारणीला याचं भारी हसू येतं. तिची सून तर तोंडावर म्हणते, "आंटी, अब कौन रोल डालता है?" मी डालते बाई. या वयात आता सवय बदलून कोणाला दाखवायची आहे?

पण खरं सांगू का, या ऋतूचा मला रागच आहे. लोकांना उन्हाळा म्हटलं की आंबा आठवतो, आजोळ आठवतं, अंगणातल्या बाजा आठवतात. दुपारी भाजून काढणारी लू सुटते, रस्ते ओस पडतात, खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी मारायला लागतो, आणि मला आमचं टिनाचं घर आठवतं. त्या घरात मी माझी आई एका बादलीत हात घालून बसलेली पाहिली आहे. रोज सकाळी. ते काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हा सेक्टर नव्हते, झाडांच्या रांगा नव्हत्या, आज भिलाई म्हणून जे दाखवतात त्यातलं काहीच नव्हतं. कारखाना अजून जमिनीतून वर यायचा होता. लांबच लांब खोदलेले खड्डे, लाल माती, लोखंडाचे ढीग, आणि त्यांच्या कडेला आमच्यासारख्यांची टिनाची घरं. भंडाऱ्याकडून, गोंदियाकडून माणसं आली होती. कोणी शेत भावाच्या हवाली करून, कोणी नुसतं कुलूप लावून. बायका आपसात मराठी बोलायच्या, बाजारात हिंदी, आणि कामावरच्या रेजांशी, म्हणजे मजूर बायकांशी, मोडकीतोडकी छत्तीसगढी. आम्ही पोरं तिन्ही एकाच वाक्यात बोलायचो आणि मार खायचो.

बाबा बांधकामाचे फोटो काढायचे. त्यांची नोकरीच ती होती. त्याआधी ते गोंदियाच्या एका स्टुडिओत होते. तिथे मागे रंगवलेला बगीचा आणि पुढे लाकडी खुर्ची, त्या खुर्चीत बसून नवरा-नवरी घामाने निथळत कॅमेऱ्याकडे बघायची. बाबांना त्या बगीच्याचा मनस्वी तिटकारा होता. तिथलं एकही फूल कधी सुकलं नाही म्हणायचे, आणि असं म्हणताना फुलाने त्यांचं काही वाईट केल्यासारखा चेहरा करायचे. इथे आल्यावर त्यांना काम मिळालं ते अगदी उलटं. साईटवर एका जागी रुळाचा तुकडा जमिनीत गाडलेला होता. दर महिन्याला त्याच तुकड्यापाशी कॅमेऱ्याची तिपाई लावायची, त्याच दिशेला तोंड करायचं आणि एक फोटो काढायचा. काम किती पुढे गेलं ते वरच्या साहेबांना त्यावरून कळायचं.

पहिल्या फोटोंत धानाचे बांध होते, एक आंब्याचं झाड होतं, पलीकडे तळं होतं. मग बांध गेले. मग तळं बुजलं. झाड बराच काळ तग धरून राहिलं आणि एका महिन्यात तेही नव्हतं. बाबा तो फोटो मला दाखवायचे तेव्हा कारखान्याच्या नव्या चिमणीवर बोट ठेवत नसत, झाड होतं त्या जागेवर ठेवत. "आपली जागा नाही सोडाची," ते म्हणायचे, "जे बदलाचं ते समोर बदलते." पुढे मी कॅमेरा हातात घेतला तेव्हा मोठमोठ्या लोकांचे फोटो पाहिले, पुस्तकं चाळली, शहाण्यांची भाषणंही ऐकली. पण शिकले म्हणावं असं काही, ते त्या रुळाच्या तुकड्यापाशीच.

शकू माझी धाकटी बहीण. त्या उन्हाळ्यात ती जेमतेम चार वर्षांची होती. हट्टी, बडबडी, भिंतीचा चुना खाणारी. साईटवरची बुधियारीन नावाची रेजा तिला रिकाम्या घमेल्यात बसवून डोक्यावर घ्यायची आणि "चल नोनी" म्हणत रस्त्याच्या टोकापर्यंत फिरवून आणायची. शकू वरून आम्हा सगळ्यांवर हुकूम सोडायची. मला वाटतं त्या वस्तीत तिच्याइतकी ऐट बड्या साहेबाचीही नसेल.

बाबांनी घरासाठी म्हणून एक रोल स्वतःचा आणला होता आणि तो आपल्या जुन्या कॅमेऱ्यात घातला होता. त्या कॅमेऱ्यात वरून वाकून पाहायचं असतं, त्यामुळे फोटो काढणारा माणूस मान खाली घालून काहीतरी शोधतोय असं वाटतं. कोणाला पत्ताच लागत नाही. शकूला त्यांनी एकदाही उभी राहा म्हटलं नाही. हस म्हटलं नाही. आई ओरडायची, अहो पोरीचं नाक तरी पुसू द्या. बाबा म्हणायचे, नाक पुसलं तर मग ती कोनाची पोरगी?

मृग लागायला थोडे दिवस होते. दुपारी सगळं चिडीचूप असताना शकू घरातून निसटली आणि बाहेर उन्हात खेळत राहिली. संध्याकाळी अंग तव्यासारखं तापलं. आईने तळपायांना कांदा चोळला, भाजलेल्या कैरीचा गर पाजला, कपाळावर घड्या ठेवल्या. बाबा तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती गेली. मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही. लिहायचंही नाही.

घरी माणसं आली, गेली. आई कितीतरी दिवस बोललीच नाही. बोलली तेव्हा पहिलं वाक्य हे होतं.

"अजी, तिचा फोटो आहे न तुमच्यापाशी?"

"आहे न," बाबा म्हणाले. "रोलात आहे."

"मंग दाखवा."

तर तो रोल धुवायचा राहिला होता. आताच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. फिल्म औषधाच्या पाण्यात धुतल्याशिवाय तिच्यात काही दिसत नाही, आणि ते पाणी थंड लागतं. फिल्मवरचा लेप साईसारखा नाजूक असतो. पाणी गरम असलं की तो सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. आणि आमच्या टिनाच्या घरात माठातलं पाणीसुद्धा कोमट असायचं. ऑफिसच्या फिल्मा धुवायला रेल्वेने कलकत्त्याला जायच्या. त्यांच्याबरोबर हाही पाठवा असं कोणी सुचवलं तर बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो माणूस परत घरी आला नाही. वाटेत रोल हरवला तर? दुर्गला बर्फ मिळायचा. पण एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना गारवा कमीजास्त झाला तर लेपाला सुरकुत्या पडतात. शकूच्या चेहऱ्यावर सुरकुत्या! बाबांना तो विचारही सहन होईना. पाऊस पडू दे, ते म्हणाले, पाणी आपोआप थंड होऊ दे.

मग आई पाण्याची वाट पाहायला लागली. सकाळी उठली की बादली भरायची आणि कोपरापर्यंत हात त्यात घालून बसायची. बाबा दात घासत असायचे, त्यांच्याकडे न बघता विचारायची, "झालं का थंड?" बाबाही हात घालून बघायचे आणि मान हलवायचे. त्यांच्यात त्या दिवसांत दुसरं बोलणंच नव्हतं. मी चुलीपाशी बसून दोघांचे हात पाण्यात पाहायची.

आता प्रश्न होता तोवर रोल ठेवायचा कुठे. दुपारी घरात टिनाखाली मेणबत्ती वाकायची, तिथे फिल्म काय टिकणार? माठाखालच्या वाळूत ठेवावा तर बुरशी. बाबांनी दोन रात्री तो उशाशी घेऊन काढल्या आणि मग त्यांना साईटवरची एक खोली आठवली.

लोखंडाचे दोन तुकडे वितळवून जोडले की जोड आतून पोकळ राहिला का ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्या जोडांचेही फोटो काढत. शिशाच्या जाड डब्यात काहीतरी ठेवलेलं असायचं, त्यातून निघणारा किरण लोखंडाच्या आरपार जायचा आणि पलीकडे लावलेल्या फिल्मवर जोडाचं आतलं चित्र उमटायचं. तो डबा ज्या खोलीत असायचा ती अर्धी जमिनीत होती, भिंती हातभर जाड. त्या अख्ख्या भाजून निघालेल्या साईटवर तेवढीच एक जागा गार होती. बाबांना किरणाबद्दल माहीत होतं. पण ते कॅमेऱ्याचे माणूस. कॅमेऱ्याला झाकण लावलं की तो आंधळा होतो, इतकी वर्षं त्यांनी हेच पाहिलेलं. डबा बंद म्हणजे किरणही बंद, असं ते धरून चालले. कोणी हात लावू नये म्हणून कोणाला काही न सांगता रोलाची डबी तिथल्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवून आले. घरी येऊन आईला म्हणाले, आता चिंता नाही, एकदम थंड जागी आहे शकू. रोल म्हणायचं ते शकू म्हणाले. आई त्या दिवशी जेवली.

पाऊस आला. बादलीतल्या पाण्याने आईच्या हातावर काटा आला तसा तिने ओला हातच बाबांना दाखवला. बाबा डबी घेऊन आले, स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडी ठोकली आणि दार लावून घेतलं. आई आणि मी उंबऱ्याबाहेर बसलो. आईने केस विंचरले होते, धुतलेलं लुगडं नेसली होती. पाहुणे यायचे असले की नेसायची तसं.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फिल्मची पट्टी होती, ओली, टोकापासून टोकापर्यंत काळी. त्यांनी ती उजेडात धरली. उलटी करून धरली. मग तसेच उभे राहिले.

आईला मात्र काही वाटलं नाही. फोटोग्राफरची बायको ती, तिला माहीत होतं की फिल्म आधी काळीच असते, कागदावर काढली की मग माणसं दिसतात. ती हसली. शकू गेल्यापासून पहिल्यांदाच हसली.

"आता कागदावर काढा न जी," ती म्हणाली.

बाबांनी तिला कसं सांगितलं, ते शब्द मला आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की ते बराच वेळ बोलत होते, शिशाचा डबा, झाकण, तरीही झिरपत राहिलेला किरण, आणि आई त्यांच्या तोंडाकडे न बघता पट्टीकडेच बघत होती. रडली नाही. चिडलीही नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी पट्टी वाळल्यावर तिने ती मांडीवर घेतली, पहिल्या टोकावर बोट ठेवलं आणि विचारलं, "याच्यात काय आहे?"

बाबांनी खाकरून सांगायला सुरुवात केली. याच्यात शकू नळाखाली बसली आहे. ऊन डाव्या हाताकडून येऊन राहिलं. अर्ध्या तोंडावर सावली आहे, एक डोळा मिटला. पाठीमागे तुझी परात उभी केलेली दिसते.

आई ऐकत राहिली. मग तिचं बोट चार बोटं पुढे सरकलं. "आन् याच्यात?"

याच्यात ती माझी साईटची टोपी घालून आहे. टोपी नाकापर्यंत आली, खालून नुसते दात दिसतात. बोट पुढे. याच्यात बाजेखाली झोपली आहे, तिथली फरशी थंड लागे तिले. पुढे. याच्यात बुधियारीनच्या घमेल्यात बसली, हात वर केला, हात थोडा हलला म्हणून तेवढा धुरकट आला. बारा फोटो मावायचे त्या रोलात. बारा झाले तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. आईने पट्टी कागदात गुंडाळून पेटीत ठेवली आणि भात टाकायला उठली.

पुढे कितीतरी वर्षं हे चाललं. टिनाचं घर सुटलं, पक्कं क्वार्टर मिळालं, भट्ट्या पेटल्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल भुकटी बसायला लागली, सायकलींचे लोंढे शिफ्टला जायला लागले. बाबांच्या रुळाच्या तुकड्यासमोर आता सगळं उभं राहिलं होतं आणि त्या जागी फोटो काढायचं कारण संपलं होतं. आमच्या घरी मात्र उन्हाळा आला की आई पेटी उघडायची. ते बारा फोटो मला पाठ झाले. दुसऱ्यांच्या घरी भिंतीवर फोटो असतात, आमच्या घरी ते बाबांच्या तोंडी होते. आणि त्यांत ऊन कुठून येतं, सावली कुठे पडते, कडेला कोणतं भांडं आहे, हे सगळं असायचं.

मी फोटो काढायला लागले ते तसेच. ओट्यावरची पिठाची परात, शिफ्टहून आलेल्या माणसाचे दाराशी काढलेले बूट, जवळच्या चरोद्याच्या रेल्वे लाइनीवर पाणी भरणाऱ्या बायका, दुपारी बाजेवर आडव्या झालेल्या म्हातारीचे पाय. कोणाला हसा म्हणायचं नाही, उभे राहा म्हणायचं नाही, समोरची वाटीसुद्धा सरकवायची नाही. लग्नाच्या ऑर्डरी माझ्या हातून याच पायी गेल्या. वरमाया तणतणायच्या, बाई सांगा तरी केव्हा काढणार! मी म्हणायची, काढला. अशी खडूस बाई कोणाला हवी? पण माझं एकच होतं. जे समोर घडलं तेच माझ्या फोटोत येईल. बाबांचे बारा फोटो जळूनही खरे होते, कारण ते घडलेले होते. माझा सगळा डोलारा त्या बारांवर उभा होता आणि मला त्याचा गर्व होता.

बाबा शेवटच्या आजारात पडले तेव्हा आई मंदिरात गेलेली पाहून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सुमा, त्या रोलात शकूचे चारच फोटो होते. बाकी साईटचे होते."

मला आधी कळलंच नाही. मग बाकीचे आठ, मी विचारलं.

"तुही आई बोट पुढं सरकवे. मी काय सांगू तिले, इथं शकू नाही म्हनून?"

कोणते चार, मी विचारलं. मी अक्षरशः त्यांचा हात धरून हलवला, आजारी माणूस, पण मला भान राहिलं नाही. नळाखालचा खरा का? टोपीचा? घमेल्यातला? बाबांनी मान हलवली. इतक्यांदा सांगितले, ते म्हणाले, आता मलेच समजत नाही.

मी त्यांच्यावर रागावले. मरणाच्या दारातल्या माणसावर रागावले, होय. कारण माझ्या डोक्यात शकूचा जो चेहरा आहे तो त्या बारांतूनच आलेला. टोपीखालचे दात, नळाखालचा मिटलेला डोळा. स्वतःची अशी तिची एकही आठवण माझ्यापाशी नाही, आठ वर्षांची होते तरी नाही. सगळी बाबांच्या शब्दांनी पुसून त्यावर दुसरं काढलेलं. मी ज्याला आठवण म्हणत आले ते घडलं होतं की आईच्या बोटापायी रचलेलं होतं, हे सांगणारा एकच माणूस होता आणि तो काही दिवसांत गेला.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. बाबांमागे ती बरीच वर्षं राहिली. तिची नजर गेली. एका उन्हाळ्यात, अशीच लू वाहत होती, पडदे ओले करून आम्ही दोघी आत बसलो होतो. तिने मध्येच म्हटलं, "सुमा, एखादा फोटो सांग न शकूचा. आता सांगनारं कोनी नाही राहिलं."

मी म्हटलं, आई, तुला तर सगळे पाठ आहेत.

ती म्हणाली, ते झाले ऐकून. नवा सांग.

नवा सांग! म्हणजे हिला ठाऊक होतं की काय? आज ठाऊक झालं, की पहिल्याच दिवशी? मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, पण त्या मिटल्या डोळ्यांवरून काही कळेना. विचारायचा धीर झाला नाही. ती वाट बघत होती. आणि मी, जिने जन्मात कोणाच्या फोटोतली वाटी सरकवली नाही, तिने सुरुवात केली. सकाळची वेळ आहे आई. ऊन अजून कोवळं आहे, मागून येतंय, शकूचे केस उजळलेत. ती रस्त्यावरून कारखान्याकडे चालली आहे, पाठमोरी. फ्रॉकची एक गाठ सुटली आहे. पायात काही नाही, टाचा मातीने लाल झाल्यात. चेहरा दिसत नाही. चेहरा मला काढता आला नाही, म्हणून मी तिला पाठमोरी केली.

आई ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आन् तू कुठं होती?"

त्या बारांत मी कधीच नव्हते, आणि माझ्या फोटोतही मी मला घ्यायला विसरले होते.

"बाजूलेच असशील," आईच म्हणाली. "हात धरून. तू तिचा हात सोडतच नव्हती. मी म्हनो, अवं चालू दे तिले एकटी, तू काई सोडे नाही."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. बाबांनी नाही, आईनेही नाही. मला रडू फुटलं. एवढ्या वर्षांत शकूसाठी मी अशी रडले नव्हते. आईसारखंच मलाही आता आणखी हवं होतं, म्हणून मी विचारलं, "कोणता हात, आई?"

आईने चाचपडत माझा डावा हात शोधला आणि मुठीत घट्ट धरला.

"हा," ती म्हणाली.